मोटरमन नसलेली गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आगगाडीचा चालक दिवसभर नेमकं काय करतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तो गाडी चालवतो, झालं. पण जिच्यात चालकच नाही अशा गाडीत बसायची वेळ आली की हा प्रश्न विचारावाच लागतो. माणूस काढून टाकला तरी त्याचं काम शिल्लक राहतंच. मग ते गेलं कुणाकडे?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर सिग्नलच्या खात्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्यामुळे २०२५ च्या डिसेंबरात मुलीकडे कॅनडात, माँट्रियलला गेलो, तेव्हा तिथली नवी स्वयंचलित मेट्रो पाहायची उत्सुकता मला जरा जास्तच होती. मुलगी म्हणाली, ‘बाबा, लोक इथे चर्च बघायला येतात, तुम्ही रूळ बघायला आलात.’ ते खरंच होतं.

या मार्गाचं फ्रेंच नाव लांबलचक आहे. आद्याक्षरं घेऊन लोक त्याला नुसतं ‘रेम’ म्हणतात. ३१ जुलै २०२३ रोजी पहिला टप्पा सुरू झाला. सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिणेला ब्रोसार नावाचं उपनगर आहे, तिथपासून शहराच्या मध्यातल्या सेंट्रल स्टेशनपर्यंत सुमारे १७ किलोमीटर आणि ५ स्टेशनं. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी पलीकडच्या बाजूला, वायव्येच्या द-मोंतान्य गावापर्यंत आणखी १४ स्टेशनं जोडली गेली आणि मार्ग ५० किलोमीटरचा झाला. पूर्ण आखणी ६७ किलोमीटर आणि २६ स्टेशनांची आहे, विमानतळाची शाखा त्यातच धरलेली. पैसा उभा केला तो प्रामुख्यानं क्वेबेक प्रांतातल्या लोकांचा निवृत्तिवेतन निधी गुंतवणाऱ्या सार्वजनिक संस्थेनं. २०१६ मध्ये अंदाज साडेपाच अब्ज कॅनेडियन डॉलरचा होता, तो पुढे आठ अब्जांच्या वर गेला. रेल्वेची कामं कुठेही अंदाजात बसत नाहीत, हे वाचून मला उगीचच घरच्यासारखं वाटलं.

याला हलकी मेट्रो म्हणतात. हलकी म्हणजे काय, तर गाडी आखूड. एरवी दोन डब्यांची, गर्दीच्या वेळी चार डब्यांची. दोन डबे मिळून लांबी ३८ मीटर. आपल्या बारा डब्यांच्या लोकलपुढे हे खेळणंच. पण गंमत अशी की गर्दीच्या वेळी ती चार मिनिटांच्या आत पुन्हा येते आणि एरवीही साडेसात मिनिटांच्या वर थांबावं लागत नाही. पहाटे साडेपाचपासून रात्री एकपर्यंत असंच. आपल्याकडे एक जादा गाडी सोडायची म्हटली की आधी विचार मोटरमन आणि गार्डाचा करावा लागतो. त्यांची पाळी, विश्रांती, परतीची गाडी असा सगळा हिशेब मांडावा लागतो. म्हणून एकदा माणूस बसवला की त्याच्यामागे जितके डबे लावता येतील तितके लावायचे, हा जगभरच्या रेल्वेचा रिवाज. इथे चालकच नसल्यामुळे तो हिशेब संपला. एका लांब गाडीऐवजी चार आखूड गाड्या सोडायला फारसं काही जास्त लागत नाही. प्रवाशाला डबे किती आहेत यापेक्षा किती वेळ थांबायचं आहे याचं महत्त्व जास्त, त्यातही बाहेर उणे पंधरा तापमान असेल तर.

चालकाची खोली नाही म्हणून गाडीचं पुढचं टोक म्हणजे सरळ एक मोठी काच. ती जागा पटकावण्यासाठी मुलांची झुंबड असते, आणि खरं सांगायचं तर माझ्या वयाच्या माणसांचीही. माझा आठ वर्षांचा नातू ब्रोसारच्या फलाटावर मला नेमक्या त्या दारासमोर घेऊन गेला. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे आणि तिच्यात दारं आहेत. गाडी येऊन थांबते ती अशी की गाडीचं दार बरोबर भिंतीतल्या दारासमोर. दोन्ही एकाच वेळी सरकतात. आतली जमीन हिवाळ्यासाठी तापवलेली. मग कुणी शिट्टी वाजवत नाही, झेंडा दाखवत नाही, गाडी आपली निघते.

पुढच्या काचेतून मोकळा रूळ अंगावर येताना पाहणं ही चैन मला नोकरीतही क्वचितच मिळाली. पानामा स्टेशन सोडलं की गाडी सॅम्युएल द शाँप्लेन पुलावर चढते. हा पूल २०१९ चा. त्याआधीचा १९६२ चा पूल हिवाळ्यात रस्त्यावर टाकायच्या मिठानं खंगून गेला होता. नवा बांधतानाच मधली पट्टी अशा गाडीसाठी राखून ठेवली होती. तीन किलोमीटरहून लांब पूल, दोन्ही बाजूंना मोटारींची रांग, खाली अर्धवट गोठलेली नदी, आणि मधून आपण निवांत. त्या दिवशी हिमवर्षाव चालू होता. समोरचं शंभर-दीडशे मीटरांपलीकडे काही दिसत नव्हतं आणि गाडीनं वेग तसूभरही कमी केला नाही. माझा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. नातवाला काही वाटलं नाही, कारण गाडीला समोरचं दिसायची गरज असते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

ती न बघता कशी जाते? सांगतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीत रुळाचे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात एक गाडी. ती बाहेर पडेपर्यंत मागचा सिग्नल लाल. सिग्नलला गाडी नेमकी कुठे आहे हे कळत नाही, एवढंच कळतं की त्या तुकड्यात कुठेतरी आहे. इथे खांबावरचे दिवे मोटरमनला दाखवायचे नाहीत, कारण मोटरमन नाही. प्रत्येक गाडी स्वतःच्या चाकांचे फेरे मोजून आपण किती पुढे आलो याचा हिशेब ठेवते. बर्फावर चाक घसरलं की हिशेब चुकतो, म्हणून रुळांच्या मध्ये ठरावीक अंतरावर खुणेच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावरून जाताना गाडीला आपला खरा पत्ता कळतो आणि ती हिशेब दुरुस्त करते. हा पत्ता बिनतारी संदेशानं सतत कडेच्या संगणकाला जात असतो. सगळ्या गाड्यांचे पत्ते हाताशी असल्यामुळे तो प्रत्येकीला सांगतो, तू इथपर्यंत जा, पुढे नको. पुढची गाडी जसजशी सरकते तसतशी ही हद्दही सरकते. आणि गाडीतला संगणक दर क्षणाला गणित करत असतो की या वेगानं, या उतारावर आत्ता ब्रेक लावला तर त्या हद्दीच्या आत थांबू का? उत्तर ‘नाही’च्या जवळ आलं की ब्रेक लागलाच.

समजा संदेश यायचा थांबला, तर? गाडी थांबते. आमच्या धंद्यातला हा फार जुना नियम आहे, शंका आली की लाल. पूर्वीच्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की वजनामुळे हात आपोआप आडवा व्हायचा, म्हणजे ‘थांबा’. लोकलच्या मोटरमनच्या हाताखालची मूठही तशीच. ती दाबून ठेवली तरच गाडी चालते, हात निघाला की ब्रेक. भोवळ आली, झोप लागली तर काय, याचा विचार करून केलेली ती सोय. तेव्हा यंत्रानं माणसावर नजर ठेवणं हे आजचं नाही. माँट्रियलच्या गाडीत ते टोकाला नेलं, इतकंच.

अशा गाड्याही काही परवाच्या नाहीत. जपानात कोबे शहरात १९८१ मध्ये, फ्रान्समधल्या लील शहरात १९८३ मध्ये त्या धावू लागल्या. कॅनडातच, व्हँकूव्हरला, चाळीस वर्षं झाली. कोपनहेगनला २००२, दुबईला २००९. दिल्लीत मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून. थोडक्यात, गाडी आपल्या आपण चालवणं आणि थांबवणं हा प्रश्न चार दशकांपूर्वीच सुटला होता. मग जगातल्या बहुतेक रेल्वेगाड्यांत अजून माणूस का बसतो?

इथे मला माझ्या नोकरीतले मोटरमन आठवतात. ड्यूटीवरून उतरून चहाच्या टपरीवर येऊन बसायचे. एखादा न बोलता बसला की आम्ही ओळखायचो, आज कुणीतरी गाडीखाली आलं. ब्रेक त्यानं लावलेला असायचा, तेही अगदी वेळेवर. पण ऐंशीच्या वेगात असलेली लोकल थांबायला काही शे मीटर लागतात, आणि रूळ ओलांडणारा माणूस त्याच्या किती तरी अलीकडे असतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांवर माणसं दगावली आहेत, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. म्हणजे मोटरमनच्या डोळ्यांचं खरं काम सिग्नल बघणं हे नाहीच. रुळावर जे असायला नको ते तिथे आहे का, हे बघणं. माणूस, गुरं, फाटकात अडकलेला ट्रक, पडलेलं झाड. हे काम यंत्राला अजूनही माणसाइतकं भरवशानं जमत नाही. म्हणून विनाचालक गाडी करणारे ते काम यंत्राला देतच नाहीत. ते काम मुळातच उरणार नाही अशी वाट बांधतात.

एकदा हे लक्षात आलं की माँट्रियलचा सगळा मार्ग वेगळा दिसू लागतो. फलाटावरची काच थंडीसाठी आहे असं मला आधी वाटलं होतं. तिचा थंडीला उपयोग होतो हे खरं, पण मूळ काम आहे रुळावर कुणी पडू नये हे. स्टेशनांच्या मधला रूळ एक तर खांबांवर, नाही तर बोगद्यात, नाही तर उंच कुंपणाच्या आत. रस्ता आणि रूळ एका पातळीवर कुठेही भेटत नाहीत. पन्नास किलोमीटरमध्ये एक फाटक नाही. मी मुद्दाम मोजायला बसलो होतो.

दक्षिणेकडे हे सोपं होतं, मार्ग नवाच होता. उत्तरेकडे तसं नव्हतं. तिथे द-मोंतान्यची जुनी विजेची लोकल होती, १९१८ पासूनची. शहराच्या मधोमध माँट रॉयल नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटातून पाच किलोमीटरचा बोगदा १९१२ मध्ये खणायला घेतला आणि १९१८ मध्ये त्यातून गाडी गेली. एवढ्या लांब बोगद्यात वाफेचं इंजिन घालणं म्हणजे प्रवाशांना गुदमरवणं, म्हणून पहिल्यापासून वीज. आपली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी १९२५ ची, म्हणजे तिची पाठची बहीणच म्हणायची. त्या जुन्या मार्गावर गावातून जाताना फाटकं होती, आणि एका भागात रूळही एकेरी होता. मोटरमन बसलेल्या गाडीला ते चालत होतं. विनाचालक गाडीला चालणार नव्हतं. म्हणून फाटकं काढून पूल बांधले, रूळ दुहेरी केले, स्टेशनं नव्यानं उभारली.

आणि याची किंमत नुसती डॉलरांत नव्हती. बोगदा २०२० च्या मे महिन्यात बंद झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला सगळी लोकलच बंद झाली. नवी गाडी यायला पुढे जवळजवळ पाच वर्षं लागली. तेवढा काळ लोक बसनं, वळसे घेत, बर्फातून कामावर जात होते. मुलीच्या कचेरीतल्या एक बाई त्याच भागात राहतात. त्या म्हणाल्या, ‘बांधकाम सुरू झालं तेव्हा मुलगा शाळेत होता, आता तो स्वतः मोटार चालवत कॉलेजला जातो. त्याला गाडीची सवय कशी लागणार?’ हा हिशेब मला कुठल्याच अहवालात दिसला नाही, आणि तो खोटा म्हणवत नाही. बोगद्यात तर २०२० मध्ये आणखीच प्रकार झाला. शंभर वर्षांपूर्वी सुरुंगात भरलेली आणि उडायची राहून गेलेली दारू काम चालू असताना अचानक उडाली. तेव्हापासून तिथे पाऊल जपून टाकावं लागलं.

आता त्या बोगद्यात दोन नवी स्टेशनं आहेत. त्यातलं एदुआर-मोंपेती नावाचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ७० मीटरवर आहे, वीस मजली इमारत उलटी पुरावी तसं. सरकता जिना नाहीच, वेगवान लिफ्टनं जायचं. वर आलं की शहराची जुनी भुयारी मेट्रो मिळते. ही जुनी मेट्रो १९६६ ची, रबरी टायरांवर चालणारी. बर्फात रबर चालत नाही म्हणून ती जमिनीखालून कधीच बाहेर येत नाही. साठ वर्षं माँट्रियलनं हिवाळ्यापासून लपून मेट्रो चालवली, आणि ही नवी गाडी मात्र उघड्यावर आली.

उघड्यावर आली आणि हिवाळ्यानं तिची परीक्षा घेतली. पहिल्या दोन हिवाळ्यांत सेवा वरचेवर खोळंबली, वर्तमानपत्रांनी बरंच झोडपलं. बर्फाचं दुखणं असं की ते सांध्यात बसतं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी रुळाची जीभ हलते तिथे जरासं बर्फ दाबून बसलं की जीभ पूर्ण चिकटत नाही, आणि चिकटली नाही तर यंत्रणा गाडी सोडत नाही. शंका आली की लाल! त्यासाठी सांधे विजेनं तापवतात, ओव्हरहेड तारेवरचं बर्फ खरवडायचीही सोय असते. पण माणूस बसलेल्या गाडीत अशा वेळी मोटरमन खाली उतरतो, बघतो, फोनवर बोलतो, लोकांना दोन शब्द सांगतो. इथे तो नाही. ब्रोसारच्या नियंत्रण कक्षातला माणूस पडद्यावर बघतो, ध्वनिक्षेपकावरून बोलतो, आणि जवळचा कर्मचारी त्या गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर प्रवासी थांबतात. गाडी हातानं चालवायची सोय अशा गाड्यांत कुलपाआड ठेवलेली असते, पण ते कुलूप उघडणारा तिथे यायला हवा. सगळं सुरळीत असेल तेव्हा चालकाची उणीव जाणवत नाही. जाणवते ती गाडी पुलावर मधेच थांबल्यावर.

तेव्हा मोटरमनचं काम कुणाकडे गेलं, याचं उत्तर एका नावात देता येत नाही. वेग आणि ब्रेक संगणकाकडे गेला. फलाटावरची नजर काचेच्या दारांकडे गेली. रुळावरची नजर कुंपण आणि पूल बांधणाऱ्या गवंड्यांकडे गेली. आणि अडचणीत माणसांशी बोलायचं काम फिरत्या कर्मचाऱ्यांकडे गेलं. कौतुक सगळं संगणकाचं होतं. माझं मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त श्रेय गवंड्याचं आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची राहिली. रेमचे डबे आंध्र प्रदेशात श्रीसिटीला बनले आहेत, आल्स्टॉम कंपनीच्या कारखान्यात. एकूण २१२ डबे. बर्फात चालायचे, पण जन्म चेन्नईजवळच्या उकाड्यात. मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या, म्हणजे आरे ते कफ परेड मार्गाच्या गाड्याही त्याच कारखान्यातल्या. तो मार्ग ऑक्टोबर २०२४ मध्ये अंशतः आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. विनाचालक चालण्याची तयारी ठेवूनच त्या गाड्या बनवल्या आहेत. मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखाली, फलाटांना काचेची दारं, रूळ ओलांडायला कुणी येऊच शकत नाही. तिथे वाट बंद करायचं काम बांधतानाच होऊन गेलं.

लोकलचं तसं नाही. तिच्या उघड्या दारांसमोर फलाटावर काचेची भिंत उभारता येणार नाही, आधी गाडीची दारं बंद व्हायला हवीत. दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ ओलांडणारे ओलांडतात, कारण पलीकडे त्यांची वस्ती आहे आणि पादचारी पूल अर्ध्या किलोमीटरवर. फाटक उघडं राहिलं की मागे लोकलची रांग लागते, हे दिव्याकडच्या प्रवाशांनी वर्षानुवर्षं भोगलं आहे. परवा एका कार्यक्रमात एका तरुण इंजिनिअरनं मला विचारलं, ‘काका, आपली लोकल विनाचालक कधी होईल?’ मी त्याला म्हटलं, ते मला नको विचारूस, कुर्ला ते ठाणे कुंपणाची भिंत किती ठिकाणी फोडली आहे ते चालत जाऊन मोजून ये, आणि प्रत्येक भगदाडासमोर उभं राहून बघ की लोक तिथूनच का जातात. त्यानं वहीत लिहून घेतलं.